चार सिलिंडर, चार थ्रॉटल : घरगुती खटाटोपाचा ताळेबंद

जपानमध्ये १९९५ साली टोयोटाने कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या गाड्यांत आपल्या जुन्या ४ए-जीई इंजिनाची सुधारलेली आवृत्ती बसवली. १५८७ सीसी, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, आणि काळ्या झाकणामुळे पडलेलं नाव 'ब्लॅकटॉप'. चार सिलिंडरांना चार स्वतंत्र थ्रॉटल, प्रत्येकाचा बोअर ४५ मिमी. ताकद १६५ अश्वशक्ती, ७८०० आरपीएमला. दोनच वर्षांनी होंडाने सिव्हिक टाइप-आर काढली. इंजिन १५९५ सीसी, म्हणजे जवळपास तेवढंच. थ्रॉटल मात्र सगळ्या इंजिनाला मिळून एक. ताकद १८५ अश्वशक्ती, ८२०० आरपीएमला.

घरी थ्रॉटल बॉड्या बनवून आपल्या गाडीला बसवायचं ज्याच्या डोक्यात आहे, त्याने हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत आणि मगच ड्रिल हातात घ्यावं. स्वतंत्र थ्रॉटल वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण ते बसवले की ताकद आपोआप वाढते, ही समजूत या दोन गाड्यांपुढे टिकत नाही. मग ते नेमकं काय देतात, त्या बदल्यात काय मागतात, आणि टर्बो नसलेल्या इंजिनांवर ते स्वतःच्या हाताने बसवणाऱ्यांनी आजवर काय शिकून ठेवलंय, याचा हा आढावा.

नेहमीच्या पेट्रोल गाडीत हवा फिल्टरमधून येते, एका थ्रॉटलमधून जाते, प्लेनम नावाच्या सामायिक डब्यात जमते आणि तिथून चार नळ्यांनी चार सिलिंडरांकडे वाटली जाते. व्यवस्था चाळीतल्या सामायिक नळासारखी. स्वतंत्र थ्रॉटलमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाला घरात नळ मिळतो: डबा जातो, आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, त्याची स्वतःची बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडमीट करणारी चकती, बसते.

कल्पना इंजेक्शनच्या आधीची आहे. इटलीत बोलोन्याच्या वेबर कंपनीचे डीसीओई जातीचे आडवे कार्बोरेटर म्हणजे एका बॉडीत दोन नरडी. चार सिलिंडरला असे दोन लावले की प्रत्येकाला आपलं नरडं मिळे. १९६५ च्या अल्फा रोमिओ जीटीएवर ४५ मिमीचे दोन होते. ब्रिटनमध्ये ट्रायम्फने १९६७ च्या टीआर ५ मध्ये कार्बोरेटर काढून लुकासचं यांत्रिक इंजेक्शन घातलं, पण सहा सिलिंडरांना सहा बटरफ्लाय ठेवल्या. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने तर हे आपला कुळाचार असल्यासारखं पाळलं: १९७८ ची एम१, १९८६ ची पहिली एम३, २००५ च्या एम५ मधलं दहा सिलिंडरांचं इंजिन, २००७ च्या एम३ मधलं आठ सिलिंडरांचं, सगळीकडे सिलिंडरागणिक एक थ्रॉटल. निसानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये दोन टर्बो असूनही सहा थ्रॉटल दिले, ते पिकअपसाठी.

मग कारखान्यांनी हे सोडलं का? थोडं खर्चामुळे, थोडं धुराच्या नियमांमुळे, आणि बरंचसं टर्बोमुळे. शिवाय बीएमडब्ल्यूनेच २००१ साली ३१६टीआय कॉम्पॅक्टमध्ये व्हॉल्व्हट्रॉनिक आणलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा यावरच हवा ठरते आणि थ्रॉटल जवळजवळ रिकामा बसतो. व्हॉल्व्हच थ्रॉटलचं काम करणार असेल तर बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या आणखी जवळ नेऊन काय मिळवणार? त्यामुळे आज हा उद्योग उरलाय तो ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्यांवर, आणि तो करणारे मुख्यतः ब्रिटन, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले हौशी लोक. ब्रिटनमध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यातून लोटस सेव्हनच्या धर्तीच्या घरगुती गाड्यांची लाट उठली, आणि फोर्डच्या झेटेक इंजिनावर सुझुकीच्या मोटरसायकलचे थ्रॉटल बसवणं हा त्या लाटेतला नेहमीचा प्रयोग झाला. अमेरिकेत हीच भूमिका माझदा एमएक्स-५ ने बजावली; तिच्यावर टोयोटाच्या ४ए-जीईचे थ्रॉटल चढवण्याची पद्धत तिथे रुळली आहे.

आता ताकदीचा प्रश्न. ४५ मिमीच्या चार बटरफ्लायचं एकत्र क्षेत्रफळ ६० मिमीच्या एका बटरफ्लायच्या सव्वादोनपट भरतं. हा हिशेब करून माणूस खूश होतो. पण चार सिलिंडरच्या इंजिनात चौघं एकदम श्वास घेत नाहीत. एकाचा संपत आला की दुसऱ्याचा सुरू होतो. म्हणजे कुठल्याही क्षणी ६० मिमीचा तो एकुलता थ्रॉटल साधारण एकाच सिलिंडरच्या सेवेत असतो, फार तर दीड. आणि ६० मिमीचं भोक ४५ मिमीच्या भोकापेक्षा पावणेदोनपट मोठं आहे. स्वतंत्र थ्रॉटलमध्ये मात्र प्रत्येकाला आपल्या ४५ मिमीवरच भागवावं लागतं, शेजारचे तीन रिकामे असले तरी. पूर्ण उघडलेला चांगला एकटा थ्रॉटल हवेला फारसा अडवतच नाही. होंडाच्या त्या १८५ अश्वशक्ती व्हीटेकच्या दुहेरी कॅममधून (हळू चालताना एक, वरच्या आरपीएमला दुसरा) आणि आरपीएममधून आल्या. १९९९ च्या एस२००० ने दोन लिटरमधून जपानी मापाने २५० अश्वशक्ती काढली, तीही एकाच थ्रॉटलवर.

खरा लाभ दुसरीकडे आहे. जास्त अवधीचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा रेसिंग कॅम घातला की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहतात. कमी आरपीएमला त्या फटीतून जळका वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो. प्लेनम असेल तर एका सिलिंडरने ओकलेला हा वायू शेजारी पितो, आणि इंजिन आयडलिंगला गचके देत राहतं. स्वतंत्र थ्रॉटलमध्ये प्रत्येकाची घाण त्याच्याच दारात राहते. म्हणून प्लेनमवर जो कॅम रस्त्यावर असह्य होतो, तोच स्वतंत्र थ्रॉटलवर बऱ्यापैकी माणसाळतो. थोडक्यात, ताकद देतो कॅम आणि थ्रॉटल त्या कॅमला चालवण्याजोगा करतो. कंपनीचा मूळ कॅम तसाच ठेवून फक्त थ्रॉटल बदलणाऱ्याला आवाज भरपूर मिळतो, आणि डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात आला की चेहरा पडतो.

दुसरा लाभ पिकअपचा. पायाने थ्रॉटल उघडल्यावर आधी प्लेनम भरायचा आणि मग सिलिंडर, हा टप्पाच राहत नाही. गाडी पॅडलला चिकटल्यासारखी वागते. हे आकड्यांत कमी दिसतं आणि चालवताना पहिल्याच वळणावर कळतं. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको; निम्मे लोक हा उपद्व्याप त्या आवाजासाठीच करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तसं स्वतःशी कबूल करावं आणि डायनोच्या पैशांची बचत करावी.

तिसरी गोष्ट नळीच्या लांबीची, आणि तिथे बरेच जण कमावलेलं गमावतात. पिस्टन खाली खेचतो तेव्हा नळीत कमी दाबाची लाट उठते, ती ध्वनीच्या वेगाने उघड्या तोंडाकडे जाते आणि तिथून उलटून जास्त दाबाची लाट होऊन परत येते. इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी ती पोचली तर आणखी थोडी हवा आत कोंबून जाते. पिस्टन सर्वांत वेगात असतो तिथून व्हॉल्व्ह मिटेपर्यंत क्रँक साधारण १५५ अंश फिरते असं धरू. ७००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ४२,००० अंश फिरते, म्हणजे हाताशी वेळ ३.७ मिलिसेकंद. ध्वनीचा वेग ३४५ मीटर धरला तर जाऊन-येऊन सव्वा मीटर, एकेरी सुमारे ६४ सेंटिमीटर. इतकी लांब सरळ नळी बहुतेक बॉनेटांखाली मावत नाही. म्हणून घरगुती रचनांत व्हॉल्व्हपासून ट्रम्पेटच्या (नळीच्या उघड्या टोकाला लावलेल्या कर्ण्याच्या) तोंडापर्यंत तीस ते चाळीस सेंटिमीटर ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी परतणाऱ्या, क्षीण झालेल्या लाटेवर समाधान मानतात. कंपनीच्या मॅनिफोल्डच्या लांब, वळणदार नळ्या फेकून त्या जागी आखूड नळ्या लावल्या की वरच्या आरपीएमला थोडं वाढतं आणि मधला टॉर्क पडतो. शहरात आपण गाडी चालवतो ती मधल्याच आरपीएममध्ये. त्यामुळे जागा परवानगी देईल तेवढी लांबी ठेवा, हा अनुभवी लोकांचा एकमुखी सल्ला. ट्रम्पेटचं तोंड चांगलं गोलाईने बाहेर वळलेलं हवं. नुसती कापलेली नळी हवेच्या प्रवाहाला कडेवर फाडते.

बनवायचे कसे, याच्या वाटा तशा तीन-चारच. पैसे असतील तर ब्रिटनच्या जेन्व्हीसारख्या कंपन्या जुन्या डीसीओईच्या मापाच्या तयार बॉड्या विकतात; वेबरचा मॅनिफोल्ड मिळाला की काम अर्धं झालं. दुसरी वाट कारखान्यातून आलेला जुना संच भंगारातून उचलून त्याला जोडपट्टी बनवण्याची. ब्लॅकटॉपच्या आधीच्या, १९९१ च्या सिल्व्हरटॉपचे ४३ मिमीचे थ्रॉटल अशा कामी खूप आले.

सर्वांत जास्त वापरली गेलेली वाट मोटरसायकलची. सुझुकी जीएसएक्स-आर, यामाहा आर१ अशा चार सिलिंडरच्या गाड्यांचे थ्रॉटल चाळीस मिमीच्या आसपास बोअरचे, कारखान्यात अचूक बनलेले, इंजेक्टर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवलेलेच मिळतात. अडचणी ठरलेल्या. मोटरसायकलच्या सिलिंडरांतलं अंतर गाडीपेक्षा कमी, म्हणून संच सुटा करून बॉड्या लांब करायच्या, मधल्या जोडण्या आणि फ्युएल रेल नव्याने बनवायचे. सुझुकीच्या बऱ्याच बॉड्यांत ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, हलणारी बटरफ्लायची दुसरी रांग असते. ती काढून दांड्याची भोकं नीट बुजवावी लागतात, नाहीतर तिथून एअर घेतं. हँडलच्या मुठीसाठी बनवलेली पुली पायाच्या पॅडलला लहान पडते. पॅडल थोडं दाबताच गाडी उसळी मारते, म्हणून मोठी किंवा लंबगोल पुली लावतात. मोटरसायकलच्या बॉड्या रबरी नळीने बसतात ही उलट सोय ठरते, कारण गाडीच्या मॅनिफोल्डच्या कापलेल्या नळ्यांना त्या सिलिकॉन होजने आणि क्लिपांनी जोडता येतात आणि मापातली थोडी चूक खपून जाते.

शेवटची वाट सगळं स्वतः घडवण्याची. ती शहाणपणाची नाही, पण यंत्रकामाची आवड असलेल्याला सर्वांत गोड हीच. तिच्यात बघण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते बटरफ्लायमध्ये. बाहेरून ती गोल चकती वाटते, पण ती गोल नसते. बंद असताना ती बोअरला काटकोनात नसून सात ते दहा अंश कललेली असते, नाहीतर गच्च अडकून बसेल. ४५ मिमीच्या बोअरमध्ये दहा अंशांनी कललेली चकती एका दिशेने ४५ आणि दुसरीने ४५.७ मिमी लागते, आणि तिची कडही तिरपी लागते. हे कानशीने घासून जमत नाही. त्यावर लेथवाल्यांची जुनी युक्ती अशी: गोल सळईचे दोन तुकडे घ्यायचे, दोघांची तोंडं त्याच दहा अंशांत तिरपी कापायची, मध्ये दीड मिमी पितळी पत्र्याचे चार तुकडे एकावर एक ठेवून बोल्टने आवळायचे, आणि सगळा गठ्ठा लेथवर बोअरच्या मापाला टर्न करायचा. सुटे केले की लंबगोल, तिरप्या कडेच्या चारही चकत्या एकसारख्या हाती येतात. उजेडासमोर बोअर धरून चकती मिटली की कडेने प्रकाशाची अगदी बारीक, सगळीकडे सारखी रेघ दिसायला हवी. एका बाजूला जाड आणि दुसरीला गायब दिसली तर स्क्रू सैल करून चकती स्वतःची जागा घेईपर्यंत दांडा उघडमीट करायचा. मग ते दोन बारीक स्क्रू लॉकटाइट लावून आवळायचे आणि मागून निघालेलं टोक ठोकून पसरवायचं. हे शेवटचं काम टाळणाऱ्याचा स्क्रू एक दिवस सुटतो आणि सरळ पिस्टनवर जातो. त्याला वाटेत अडवणारं काही नसतं.

दांड्याचा हिशेब आणखी फसवा. चारही बटरफ्लाय एकाच लांब स्टीलच्या दांड्यावर बसवल्या तर चौघी कायम एकत्र उघडतील, जुळवणीचा त्रास मिटला, असं वाटतं. ४ए-जीईमध्ये पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर सुमारे २६२ मिमी. हेड आणि फ्लँज ॲल्युमिनियमचे. ते गार स्थितीतून ६५ अंशांनी तापले की हे अंतर ०.४ मिमीने वाढतं. स्टीलचा दांडा तेवढाच तापला तरी त्याच्या निम्मं वाढतो. उरलेले ०.२ मिमी जाणार कुठे? कडेच्या बटरफ्लाय बोअरच्या भिंतीला घासायला लागतात, आणि गार गॅरेजमध्ये लोण्यासारखा फिरणारा थ्रॉटल घाटात अर्धवट उघडा अडकतो. म्हणून दांडे तुकड्यांत ठेवून मध्ये जरा सरकणारी, जुळवणीच्या स्क्रूची जोडणी देतात. कुठल्याही परिस्थितीत परत आणणाऱ्या स्प्रिंगा दोन हव्यात. एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल मिटला पाहिजे. यात काटकसर करणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

बाकी यंत्रकाम आपल्याकडच्या वर्कशॉपला नवीन नाही. दहा-बारा मिमी जाडीची ॲल्युमिनियम प्लेट वॉटरजेटवर गॅस्केटच्या आकारात कापून घ्यायची, तिच्यावर नळ्या टिग वेल्डिंगने जोडायच्या. वेल्डिंग करताना प्लेट जाड लोखंडी तुकड्यावर आवळून ठेवली तरी थोडी वाकतेच, त्यामुळे नंतर तोंड मिलिंगवर सपाट करून घेणं खर्चात धरावं. ओतकाम करायचं तर एलएम २५ ही मिश्रधातू योग्य. भोसरी किंवा शिरोलीत असा जॉब करून मिळणं अवघड नाही, फक्त फाउंड्रीत जाण्याआधी ती बिडाचं काम करणारी आहे की ॲल्युमिनियमचं हे विचारून घ्यावं. थ्रीडी प्रिंटिंग मापं तपासायला आणि ट्रम्पेटचे आकार करून बघायला उत्तम. पण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ते बॉनेटखाली ठेवून सिग्नलला उभं राहू नये.

इथपर्यंतचं काम हाताला दिसतं, म्हणून लोकांना ते अवघड वाटतं. घोडं पेंड खातं ते यानंतर, हवा मोजण्यापाशी.

पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला ईसीयूला आत जाणारी हवा कळावी लागते. बऱ्याच गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ती ओळखतात. प्लेनम असतो तोवर हा दाब स्थिर, विश्वासाचा. स्वतंत्र थ्रॉटलमध्ये बटरफ्लाय आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये अगदी थोडी जागा असते. सिलिंडर श्वास घेतो तेव्हा तिथला दाब एकदम पडतो, आणि व्हॉल्व्ह मिटला की उरलेल्या वेळात बटरफ्लायच्या फटीतून हवा येऊन तो पुन्हा वर चढतो. दर चक्रात हे खाली-वर चालतं. त्यात थ्रॉटल पाव उघडला की दाब वातावरणाच्या जवळ पोचलेलाच असतो, पुढच्या पाऊण उघडण्यात जेमतेम बदलतो. सेन्सरला सांगण्यासारखं काही उरत नाही. टोयोटाचंच बघा: सिल्व्हरटॉपवर हवा मोजायला थ्रॉटलच्या आधी फ्लॅपवालं मीटर होतं. ब्लॅकटॉपवर ते काढून दाबाचा सेन्सर दिला, तेव्हा चारही नळ्यांतला दाब बारीक नळ्यांनी एकत्र आणून शांत करावा लागला.

घरगुती जगात यावर सर्वमान्य तोडगा म्हणजे थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम या दोघांवरूनच पेट्रोल ठरवणं. त्याला अल्फा-एन म्हणतात. पूर्ण थ्रॉटलला ही पद्धत छान चालते, हळू चालवताना छळते. शून्य ते दहा टक्के उघडण्यात हवा इतकी झपाट्याने बदलते की टेबलाच्या निम्म्या ओळी तिथेच खर्चाव्या लागतात: एक, दोन, तीन, पाच, आठ टक्के, अशा. शिवाय महाबळेश्वरला गेलं की हवा विरळ होते, पण कोन तोच राहतो. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर लागतो. मेगास्क्वर्टसारख्या ईसीयूमध्ये कमी उघडण्यात दाब आणि जास्त उघडण्यात कोन अशी दोन्हींची सांगड घालायची सोय आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीला तीच वापरावी. २००१ च्या सुमारास ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी मेगास्क्वर्ट लोकांसाठी खुलं केलं नसतं, तर घरगुती स्वतंत्र थ्रॉटल हा प्रकार श्रीमंत रेसवाल्यांपुरताच राहिला असता असं माझं मत आहे. पुढे जॉश स्टुअर्ट यांच्या आर्डुइनोवर चालणाऱ्या स्पीडुइनोने खर्च आणखी खाली आणला.

प्लेनमबरोबर आणखी तीन गोष्टी जातात आणि त्यांची आठवण बहुधा गाडी सुरू झाल्यावर येते. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. चारही नळ्यांतून बारीक होज काढून एका छोट्या बंद डब्यात एकत्र करायचे, बूस्टरच्या वाटेवर एकेरी व्हॉल्व्ह ठेवायचा. एकाच सिलिंडरवरून व्हॅक्यूम घेतला तर ब्रेक पॅडल दगडासारखं होतं आणि तो सिलिंडर मिसिंग करतो. आयडलिंगची हवा पुरवणारा व्हॉल्व्हही चौघांना सारखी वाटणी होईल असा जोडावा लागतो. तो न देता थ्रॉटलच्या स्टॉपवर स्लो सेट करणारे खूप आहेत. त्यांना थंडीत सकाळी पाच मिनिटं पायाने रेस धरून बसावं लागतं. तिसरं, क्रँककेसची वाफ. ती नळ्यांत सोडली तर एकाच सिलिंडरला तेल मिळतं, म्हणून वेगळ्या डब्यात धरतात.

जुळवणीचं काम मात्र आपल्या मोटरसायकल मिस्त्रीला न शिकवता येतं. चार नळ्यांवर चार व्हॅक्यूम गेज लावायचे, एक सिलिंडर आधार धरून बाकीचे त्याच्याशी जुळवायचे, आधी बटरफ्लाय आणि मग बारीक हवेचे स्क्रू. पूर्ण थ्रॉटलला अर्ध्या अंशाचा फरक कोणाला कळत नाही. आयडलिंगला, जिथे सगळं उघडणंच एक-दोन अंशांचं असतं, तोच फरक इंजिन हलवून टाकतो. सेन्सर एकाच दांड्यावर असतो, त्यामुळे जुळवणी बिघडली की ईसीयू चौघांपैकी तिघांबद्दल चुकीचं समजून बसतो.

फिल्टरबद्दल परदेशी फोटो बघून फसू नये. उघडे चकाकते ट्रम्पेट पावसाळी इंग्लंडच्या ट्रॅकवर एका दिवसापुरते ठीक. सोलापूर-विजापूर रस्त्यावरची धूळ बोअर आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासेल. आणि नुसता फोमचा मोजा ओढण्यापेक्षा बाहेरून गार हवा आणणारा बंद एअरबॉक्स केव्हाही सरस: आत जाणारी हवा दहा अंशांनी गार झाली तर तीन टक्क्यांच्या आसपास जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. ट्रम्पेटच्या तोंडासमोर किमान बोअरएवढी मोकळी जागा ठेवावी.

आपल्याकडे हे कुठे लागू पडतं? मारुतीचं १३०० सीसीचं इंजिन, एस्टीम आणि रॅलीच्या जमान्यातलं, यासाठी सर्वांत साजेसं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, हलकं वजन, सुटे भाग अजून मिळतात. सिलिंडर सव्वातीनशे सीसीचा असल्याने अडतीस-चाळीस मिमीचे बोअर पुरतात. ४५ च्या मोहात पडू नये. मोठ्या बोअरने हवेचा वेग पडतो आणि पॅडलचा पहिला पाव भागच सगळं काम करून टाकतो. ट्युनिंग करताना पेट्रोलचं प्रमाण आकड्यांत न बघता लॅम्डात, म्हणजे त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या तुलनेत, बघावं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ धरतात, पण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि त्याचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. परदेशी टेबल जसंच्या तसं उतरवलं तर इंजिन कोरडं चालेल.

पुण्या-मुंबईतल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या गाडीवर हे करायची हौस येते. त्यांनी आधी नियमपुस्तक उघडावं. पेट्रोल गाडीत सगळी हवा २० मिमीच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून गेली पाहिजे, आणि क्रम थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन असा बांधून दिलेला आहे. सिलिंडराजवळच्या थ्रॉटलला त्यात जागाच नाही. ती मेहनत प्लेनमच्या आकारावर आणि नळ्यांच्या लांबीवर घालावी.

रस्त्यावरच्या गाडीचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा ही ट्रॅकची आणि ट्रेलरवरून न्यायची गाडी आहे असं समजूनच हात घालावा.

आणि घालायचाच असेल तर क्रम उलटा धरा. आधी मूळ थ्रॉटल आणि मूळ मॅनिफोल्ड तसेच ठेवून खुला ईसीयू आणि वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवा, आणि गाडी थंडीत, उन्हात, घाटात नीट चालेपर्यंत ट्यून करा. मग कॅम बदला आणि पुन्हा ट्यून करा. त्यानंतरही आयडलिंग रडत असेल आणि पिकअप हवा तसा मिळत नसेल, तर लेथकडे जा. पहिले दोन टप्पे पार करणाऱ्यांतले बरेच जण तिथेच समाधानाने थांबतात. जे थांबत नाहीत त्यांनी मोटरसायकलच्या बॉड्या घ्याव्यात. सगळं स्वतः घडवणं ज्याच्या घरी लेथ आहे आणि जो वेळेचा हिशेब मागत नाही, त्याच्यासाठी.